अकरावी मेंढी

सातारा, ६ जानेवारी २०२५

ती. हरणा आत्यास,
प्रांजलचा शिरसाष्टांग नमस्कार.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोन लावला की आबा, म्हणजे तुझे बंधुराज, शेजारी येऊन बसतात आणि हे त्यांच्या कानावर जायला नको. मी दीपमालाकडून परत हरले. लागोपाठ तिसऱ्यांदा. तुझ्या बहिणीची लेक म्हणून तू तिचं कौतुक करशीलच, पण आधी माझं ऐक.

सायकलची स्प्रिंट म्हणजे तुला वाटते तशी नुसती पळापळी नाही. ट्रॅकवर दोघीच. तीन फेऱ्या, त्यात आधी एकमेकींवर डोळा ठेवून रेंगाळायचं आणि शेवटी जीव खाऊन सुटायचं. पुढची वारा फोडते, मागची तिच्या आडोशाला दम राखते आणि शेवटच्या वळणावर बाहेर निघते. म्हणून दोघींनाही मागंच राहायचं असतं. कधी तर सायकल जागच्या जागी उभी करून दुसरी कधी सुटते याची वाट बघायची. पाय टेकायचा नाही, ब्रेक तर नसतोच. तिथं मला दम धरवत नाही. मी सुटते, दीपमाला माझ्या मागनं मजेत येते, रेषेवर पुढं जाते आणि वर विचारते, एवढी घाई होती का गं.

आठ फेब्रुवारीला पुण्यात निवड चाचणी आहे. राष्ट्रीय स्पर्धेला एकच मुलगी जाणार. यंदा हरले तर अकादमीची सायकल परत करायची, असं सरांनी स्पष्ट सांगितलंय. तू दिवसभर रानात काठीला टेकून कशी उभी राहतेस, तेवढं मला लिही. दीपमालाला यातलं अक्षर कळू देऊ नकोस.

लोभ आहेच, तो वाढावा. थोडा माधवनगरला दीपमालाकडं गेला असेल तर परत मागवून घे.

तुझी,
प्रांजल

आटपाडी, १३ जानेवारी

चि. प्रांजलीस,
आत्याचा पोटभर आशीर्वाद.

पत्र पोचलं. तीनदा वाचलं, त्यात दोनदा हसले. राग मानू नको. तू जन्मलीस तीबी तारखेच्या आदी वीस दिस, तुला कवा दम हुता?

उबं ऱ्हायाची विद्या लय सोपी हाय. रानात मी माज्या दहाबी मेंढरांची नावं वळीनं घेते, एका नावाला एक लांब श्वास. म्हातारी, काणी, भुंडी, लांडी, मोरी, चांदी, बुजरी, तांबडी, खोडी आन दहावी सवत. आमचे मालक जातील तिकडं मागं जाती म्हणून ती सवत. सवतीपातूर पोचल्याबिगर जागची हलू नको, मग कोण काय बी म्हणू दे. मेंढरं राखणारा मागनंच चालतो, त्यात कमीपणा न्हाई.

दीपमालाला मी कशाला सांगू? माज्या पोटात काय ऱ्हात न्हाई असं कोण म्हणतं, तेवढं मातर कळव.

माया हाय तशीच ठिव.

तुजी आत्या,
हरणाबाई

माधवनगर, २० जानेवारी

ती. मावशीस,
दीपमालाचा दंडवत.

घाईत चार ओळी. मामांचा फोन आला होता. प्रांजल म्हणे रोज अंगणात सायकलवर जागच्या जागी उभी राहते आणि काहीतरी पुटपुटते. मामांना वाटतंय ती जप करायला लागली. मला वाटतंय तिला कुणीतरी शिकवलंय.

आतापर्यंत मी तिच्या घाईवर जिंकले, हे तुला म्हणून सांगते. ती थांबायला शिकली तर माझी पंचाईत, कारण मलाही दम कुठला? दोन वर्षं या एका जागेसाठी पहाटे उठतेय मी. मलाही काहीतरी सांग. तिला कळवू नकोस. आणि मी तुझी पत्रं अर्धीच वाचते असं आईनं सांगितलं असेल, तर ती चहाडी आहे.

प्रेम असू दे, निम्म्याहून जास्त माझ्याकडं.

तुझीच,
दीपमाला

आटपाडी, २५ जानेवारी

चि. दीपमालास,
मावशीचा भरभरून आशीर्वाद.

प्रांजलला कोण शिकवतंय मला काय ठावं? मी रानातली बाई.

तुला मातर एक सांगते, कुणाला बोलू नको. सायकल उबी केलीस की माज्या मेंढरांची नावं वळीनं घे, एका नावाला एक लांब श्वास. म्हातारीपासनं सवतीपातूर, मागल्या दिवाळीत पाठ केलीस तशी. वळ संपंस्तवर हलू नको. आईला म्हणावं, लोणचं पोचलं.

तुजी मावशी,
हरणाबाई

ता. क. कागद संपला म्हणून मागल्या बाजूला लिवते. आज सकाळी भुंडीला कोकरू झालं. नाव चिंगी ठेवलं. आता अकरा झाली. सवतीच्या मागनं चिंगी घ्यायाची.

आटपाडी, २५ जानेवारी (पोस्टकार्ड)

चि. प्रांजलीस आशीर्वाद. भुंडीला कोकरू झालं, नाव चिंगी. आता अकरा. सवतीच्या मागनं चिंगी घ्यायाची. आबाला रामराम. हरणाबाई.

सातारा, ९ फेब्रुवारी

ती. आत्यास,
नमस्कार. या खेपेला साष्टांग नाही, का ते खाली कळेल.

माझी निवड झाली. आधी ते सांगते, कारण पुढं भांडायचं आहे.

पहिली शर्यत दीपमालानं घेतली, दुसरी मी. तिसरीवर सगळं होतं. ती पुढं, मी मागं. दुसऱ्या फेरीत वळणाच्या चढावर तिनं सायकल उभी केली, मग मीही केली. मी सुरू केलं, म्हातारी, काणी, आणि भुंडीपाशी मला ऐकू आलं की दीपमालासुद्धा भुंडीच म्हणतेय. आत्या, हसू दाबताना मी सायकलवरनं पडणार होते. दोन्ही घरचा पाहुणचार घेणारी बाई आहेस तू.

सवतीपर्यंत दोघी बरोबर पोचलो. ती सुटली. मी चिंगीचं नाव घेतलं आणि मग सुटले. तेवढ्या एका श्वासात मला वेग घ्यायला हवं होतं तेवढं अंतर पडलं. अर्ध्या चाकानं जिंकले. सायकल राहिली माझ्याकडं.

दोघींना शिकवलंस, पण चिंगी मला एकटीलाच दिलीस. म्हणून माफ.

तुझी लाडकी (आता सिद्ध झालं),
प्रांजल

माधवनगर, १० फेब्रुवारी

ती. मावशीस,

तुझी मेंढरं खरी किती? उतरल्यावर प्रांजलनं मिठी मारली आणि चिंगीचं सांगितलं. ती भावाची लेक आणि मी बहिणीची, म्हणून तिला अकरा आणि मला दहा? हरल्याचं रडू एकदा आलं, याचं दोनदा आलं.

माया आटली असेल तर तसं कळव.

दीपमाला

आटपाडी, १६ फेब्रुवारी

चि. दीपमालास,
मावशीचा आशीर्वाद, घे नाहीतर ठिव.

तू रडलीस हे वाचून मला भाकरी ग्वाड लागली न्हाई. तुजी आई आन मी एका ताटात जेवलेल्या, तुला मी एक कमी दीन व्हय? माजं मागलं पत्र काढ आन उलटं कर. मग काय बोलायचं ते बोल.

सापडली न्हवं चिंगी? प्रांजलला कार्ड टाकलं हुतं. कार्डावर सोडायला जागाच नसती, म्हणून तिनं समदं वाचलं. तिला ह्ये सांगू नको. आत्यानं मलाच दिलं म्हणून चार दिस मिरवू दे.

सायकल चालवतीस झ्याक. चिंगी बघाया ये.

तुजी मावशी,
हरणाबाई

ता. क. मागल्या बाजूला आलीस? मग पुढल्या सालाला मी तुज्या बाजूनं. काणी गाभण हाय. प्रांजलला बोलू नको.