वहीतून काढलेलं रानीखेत

आई, मे महिन्यात आम्ही डोंगरात जाणार आहोत. अण्णा, धाकटा आणि मी. आधी रामनगर, तिथून दोन दिवस राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात, मग नैनीताल आणि शेवटी रानीखेत, असं मी वहीत लिहिलं होतं. घरातली पहिली पदवीधर म्हणून असलं ठरवायचं काम माझ्याकडेच येतं, आणि मला ते आवडतंही. करमाडच्या शाळेत शिकवायला लागल्यापासून मनात होतं, की आपल्या घरातल्या माणसांनी एकदा तरी हिमालय बघावा. कुणाचं स्वयंपाकघर सांभाळायला जाऊन नाही, नुसता बघायला. अण्णांनी गुलमंडीच्या बाजारातून तिघांना स्वेटर आणले. या उन्हात स्वेटर मागितल्यावर दुकानदार हसला म्हणे. मी वही पुढे धरली, तर त्यांनी जंगलाचं पान बघितलंच नाही. "तुझी आई जिथं राहिली ते गाव घेतलंस ना? मग झालं. वाघ नाय दिसला तरी चालंल." धाकटा म्हणाला, "वाघ दिसला तर तुम्हीच गाडीखाली शिराल, अण्णा." "शिरीन की. तुला पुढं करून शिरीन."

मी नऊ वर्षांची होते. तू वकिलांच्या घरी स्वयंपाक करायचीस, आणि वकीलसाहेबांना बाहेरचं जेवण सोसत नाही म्हणून त्या मे महिन्यात ते तुला पंधरा दिवस रानीखेतला घेऊन गेले. त्यांची मुलगी माझ्याच वयाची. ती तुझ्यासोबत जाणार आणि मी आत्याकडे राहणार, हे मला पटेना. मी तुझी पिशवी पलंगाखाली लपवली. तू ती ओढून काढलीस आणि खेकसलीस, "कामाला चाललेय मी, फिराया नाय. शाळेत जाती ना तू, एवढं कळंना व्हय?" परत आलीस तेव्हा माझ्यासाठी लाल लोकरीची टोपी आणलीस. मी ती घालून भर दुपारी चुलीशी बसले आहे, कानामागून घाम ओघळतोय, आणि तुला विचारते आहे, बर्फ दिसला का गं? तू भाकरी थापते आहेस. वर न बघता म्हणतेस, "कुठलं बर्फ नि काय. धुकंच धुकं. माझी चूल नि मी." ते ऐकून मला किती बरं वाटलं होतं! म्हणजे वकिलांच्या मुलीलाही काही दिसलं नसणार. चार वर्षांनी तू गेलीस, तरी ते धुकं मी जपून ठेवलं.

परवा त्या मुलीला फोन केला. ती आता पुण्यात असते. अण्णांच्या गुडघ्यांना तिथले चढ झेपतील का, एवढंच विचारायचं होतं. "अगं, मावशी तर माझ्याआधी वर पोचायच्या!" म्हणाली, आणि मग थांबेचना. तू तिला रोज पहाटे उठवायचीस. बंगल्यामागच्या कट्ट्यावर बसून तिला तुझ्या शालीत घ्यायचीस, मांडीवर, आणि समोर बर्फाची रांग उजळत जायची. जाताना वाटेतल्या जंगलात गाडीपुढे हत्ती आडवा आला, तेव्हा तू तिचे डोळे झाकलेस आणि स्वतः मात्र टक लावून बघत राहिलीस. "आणि उठवताना काय म्हणायच्या, माहितीये? 'ऊठ की माय, बर्फ दिसायलाय बघ.' मला माय म्हणणारं दुसरं कुणीच नव्हतं गं." मी "हो का" म्हटलं आणि फोन ठेवला.

माझी गोधडी ओढताना तू हेच 'ऊठ की माय' म्हणायचीस. मला वाटायचं, ते फक्त आपल्या घरातलं आहे.

दुसऱ्याला मिळालेलं बघून जळू नये, असं मी वर्गात मुलांना सांगते, आणि मनापासून सांगते. ती मुलगी चांगली आहे. तू धुकं का म्हणालीस, तेही मला कळतं. उन्हात टोपी घालून बसलेल्या पोरीला बर्फाचं कोण सांगेल? कामाला गेलेली असलीस तरी तुला तिथं चार सकाळी आनंदाच्या मिळाल्या, याचं मला सुख वाटायला हवं. प्रयत्न केला, वाटत नाही. डोळे मिटले की तोच कट्टा दिसतो, आणि तुझ्या शालीत मी नसते. तिथं उभं राहून अण्णा नक्की विचारतील, तुझी आई इथंच बसत असंल का गं? मग मला सांगावं लागेल, कुणाला घेऊन बसायचीस ते.

काल अण्णांना सांगितलं, रानीखेतला खोल्या शिल्लक नाहीत, आपण नैनीतालला दोन दिवस जास्त राहू. धाकटा खूश झाला, त्याला तळ्यात होडी चालवायची आहे. अण्णांनी तेलाची बाटली जवळ ओढली. मग म्हणाले, "सकाळी जाऊन सांजच्याला परत येता नाय यायचं का?" मी म्हटलं, लांब पडतं. "बरं," म्हणाले, आणि पायांना तेल चोळत बसले.

हे तुझ्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणूनच लिहवतं आहे. खोल्या होत्या, आई. मी तीन ठिकाणी विचारलं होतं. तिन्ही ठिकाणी होत्या.