बॉनेट पक्कं बसवलं

५ मार्च १९३४
पंचवटीत मोटारीचं बॉनेट पुन्हा उडून काचेवर आलं. पुढचं काही दिसेना. अंदाजाने चालवली. अंदाज उत्तम होता; म्हैसच बाजूला झाली. शेवटी सौ.च्या नव्या लुगड्याने बॉनेट बांधून घर गाठलं.

६ मार्च
सौ. टांगा करून मखमलाबादला माहेरी गेली. लुगड्याला ग्रीस लागलं म्हणे. जाताना म्हणाली, न्यायला याल तर मोटार धड करून या, नाहीतर येऊ नका. म्हणजे मोटारीचा तिलाही अभिमान आहे!
संकल्प : बिजागऱ्या आणि स्प्रिंगा स्वतः बदलणार. पाडव्याच्या आत सौ. घरात. काम फार तर एका दुपारचं.

९ मार्च
भात करपला. काम सुरू नाही. आधी प्लॅन हवा.
संध्याकाळी इसाकच्या भंगाराच्या दुकानात गेलो. त्याने स्प्रिंगा दाखवल्या. म्हणाला, साहेब, या फार कडक, तिजोरीला बसवा. मी विचारलं, याहून कडक आहेत का? होत्या. घेतल्या.
बिजागऱ्या मुंबईहून यायला महिना लागेल. घरच्या कपाटाच्या काढल्या. कपाटाला दार हवंच असं नाही.

११ मार्च
बसवल्या! बोटांना किरकोळ इजा. बॉनेट मिटताना असा आवाज झाला की शेजारच्या भागीबाई धावत आल्या. उडण्याचा प्रश्न कायमचा मिटला. उघडून पाहिलं नाही. उघडू नये म्हणूनच तर एवढी मेहनत.

१४ मार्च, रात्री
मखमलाबादला ऐटीत पोचलो. सौ.ने बॉनेट हलवून पाहिलं. हललं नाही. चक्क हसली, ट्रंक आणली, शेजारी बसली.
वेशीबाहेर इंजिन बंद. एखादी वायर निघाली असणार, मिनिटाचं काम. पण बॉनेट उघडेना. सासरे भिमाजीराव पहार घेऊन आले. पहार वाकली. सौ. म्हणाली, हे उघडणार कसं, याचा विचार केला होता का? प्रश्न टेक्निकल होता. मी टायर तपासले.
सासऱ्यांनी मोटार बैलगाडीमागे बांधली. सौ. गाडीत वडिलांजवळ बसली. मी मोटारीत, स्टीअरिंगवर जबाबदार माणूस हवा. लोक बघू लागले म्हणून हॉर्न दिला. सौ. मागे वळून म्हणाली, बैल बुजतात, गप्प बसा. बसलो.
तरी पाडव्याच्या आत सौ. घरी आली. बॉनेट वाटभर एकदाही उडालं नाही.
जेवणं झाल्यावर सासऱ्यांनी विचारलं, बैल इथंच ठेवून जाऊ का?
सौ. हो म्हणाली.