लांब पातं खाली

३ फेब्रुवारी
आलं! आलं! आलं!
धनुष्य आलं. 'झेप' नाव आहे त्याचं. खोकं दारातच फोडलं. कुरिअरवाल्याला सही द्यायची राहिली, बिचारा तिथेच उभा राहून बघत होता. त्यालाही आवडलं असावं.
डिझाइन म्हणजे काय डिझाइन! आमच्या क्लबात सगळ्यांच्या धनुष्यांची वरची-खालची पाती सारख्या लांबीची. का? कुणी कधी विचारलंच नाही. 'झेप'चं एक पातं लांब, दुसरं चांगलंच आखूड. मुठीवर पक्ष्याचं छोटं चित्र. असलं धनुष्य या गावात दुसऱ्या कुणाकडे नाही.
खोक्यात माहितीचे कागदही होते. न वाचता फेकले. सात वर्षं क्लबात काढलेल्या माणसाला धनुष्य कसं धरायचं ते आता कागदाने शिकवायचं का?
बायको म्हणाली, हे वाकडं आलंय, परत पाठवा. मी नुसता हसलो.
संकल्प: एक, यंदा टीममध्ये जायचंच. दोन, 'राखीव' हा शब्द आयुष्यातून हद्दपार. तीन, रोज पहाटे व्यायाम.

४ फेब्रुवारी
व्यायाम उद्यापासून.
दिवसभर दुकानात विचार केला. लांब पातं वर की खाली? जाहिरातीतल्या फोटोत धनुष्य टेबलावर आडवं ठेवलंय, त्यामुळे डोकं चालवणं भाग होतं. तर जड बाजू नेहमी खाली. बाटली बघा, समई बघा, आमचे मेहुणे बघा. म्हणजे लांब पातं खाली. साधं फिजिक्स आहे.
या नादात एका आजोबांना वाचायच्या चष्म्याऐवजी लांबचा चष्मा दिला. ते म्हणाले, पेपर दिसत नाही पण समोरची बाई छान दिसते. खूश होऊन गेले.
संध्याकाळी बायकोला पवित्रा घेऊन दाखवला. तिने विचारलं, हा पक्षी पाय वर करून का पडलाय, मेलाय का? मी सांगितलं की तो पक्षी बाणाच्या नजरेतून काढलेला आहे. ती उठून भाजी परतायला गेली. पटलं असावं.

६ फेब्रुवारी
मैदानावर पहिला दिवस. थोर अनुभव.
एक बारीक अडचण. लांब पातं जमिनीला टेकतं. दोरी सोडली की टोक चिखलात घुसतं आणि बाण मनाला येईल तिकडे जातो. पहिला शेडच्या पत्र्यावर, दुसरा माळ्याच्या बादलीत. माळी काही तरी बोलला. वाऱ्यामुळे नीट ऐकू आलं नाही.
पण अडचण आली की डोकं आपोआप चालतं माझं. उपाय सापडला. उद्या कळेल सगळ्यांना.

७ फेब्रुवारी
स्टूल!
स्वयंपाकघरातलं स्टूल मैदानावर नेलं. वर उभा राहिलो. खालचं पातं मोकळं! शिवाय उंचीवरून दृष्टी कशी खुलते. टार्गेट एकदम आज्ञाधारक दिसतं. सहापैकी एक बाण चक्क टार्गेटला लागला. मधल्या पिवळ्यापासून लांब, निळ्यात, पण लागला.
क्लबातला बेकरीवाला बघायला आला. मग मेहुणे आले. मेहुणे म्हणजे बायकोचे थोरले बंधू, धंद्याने दंतवैद्य, क्लबाचे कॅप्टन. माणूस सहसा कशाचं कौतुक करत नाही. त्यांनी धनुष्य हातात घेतलं, दोरी जरा ताणली आणि म्हणाले, अरे वा, हे तर लोण्यासारखं ओढलं जातंय. सात वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलताना त्यांच्या तोंडून 'वा' आलं. परत येताना सायकलवर गाणं म्हणत आलो. स्टूल मागे बांधलं होतं, एकदा पडलं.
घरी बायको भांडत होती की वरच्या फळीवरचे डबे काढायचे कशावर चढून. मी म्हटलं, मोठ्या कामात थोडा त्याग लागतो.

१९ फेब्रुवारी
व्यायाम सोमवारपासून.
पण क्लब पेटलाय! बेकरीवाल्याने 'झेप' मागवलं. शिंपीकाकांनी मागवलं. मेहुण्यांनी दोन मागवली, एक दवाखान्यात लावायला. क्लबात दुसरं बोलणंच नाही. सगळ्यांची धनुष्यं मी जोडून देतो, दोऱ्या मीच चढवतो. पवित्रा मी शिकवतो. लांब पातं खाली, स्टूल पावलाच्या रुंदीचं, गुडघे सैल. बेकरीवाल्यानेही पक्ष्याबद्दल विचारलं. बाणाची नजर समजावून सांगितली. त्याने ते पुढे शिंपीकाकांना समजावलं, माझ्यापेक्षाही छान.
राखीव माणसाला शिष्य मिळालेत! लिहितानासुद्धा गुदगुल्या होतात.

१ मार्च
मैदानावर सात स्टुलं एका रांगेत. डोळ्यांचं पारणं फिटलं. फोटो काढायचा होता पण मधेच शिंपीकाका स्टुलासकट आडवे झाले. लागलं नाही. उठून म्हणाले, मजा आली.
टार्गेटला बाण थोडे लागतात हे खरं. मेहुण्यांचे पूर्वी हमखास पिवळ्यात जायचे, हल्ली बोरीच्या झाडात जातात. पण तेच म्हणाले की नव्या धनुष्याला वेळ द्यावा लागतो. मी म्हटलं, धनुष्याची भाषा शिकावी लागते. त्यांनी ते वाक्य दवाखान्यात एका पेशंटलाही ऐकवलं म्हणे. पेशंटचं तोंड उघडंच होतं, त्यामुळे त्याचं मत कळलं नाही.

४ मार्च
जुनं लाकडी धनुष्य पडद्याची दांडी म्हणून वापरायचं ठरवलं. माप बरोबर बसत होतं. बायको म्हणाली, पडदा राहू दे, मला द्या. मोठ्या मनाने दिलं. तिलाही काही तरी विरंगुळा हवा.

११ मार्च
कमाल आहे. घरात विचार करायला शांतता नाही. बायकोने मागच्या अंगणात जुनी गादी गुंडाळून उभी केलीय आणि कामावरून आली की तिच्यावर बाण मारत बसते. ठप. ठप. ठप. प्रत्येक वेळी तोच आवाज, तीच जागा. काही वैविध्य नाही. माझ्या बाणांचे आवाज कसे निरनिराळे. पत्रा, बादली, झाड, एकदा तर मंजूळ घंटेसारखा. ती शिंपीकाकांची सायकल होती.
तिला प्रेमाने सुचवलं की एकाच ठिकाणी मारून गादीला भोक पडेल. ती म्हणाली, पडलंय.

२ एप्रिल
आता मुद्द्याचं. मेमध्ये नदीपलीकडच्या क्लबाशी वार्षिक सामना. टीम तिघांची, वर एक राखीव. मेहुणे आणि बेकरीवाला ठरलेले. तिसरा होता इलेक्ट्रिशियन, तो नोकरीनिमित्त परगावी गेला. जागा रिकामी! रविवारी निवड चाचणी.
सात वर्षं मी त्या सामन्याला बाकावर बसलोय. पाण्याच्या बाटल्या सांभाळल्या, टोप्या सांभाळल्या, एकदा मेहुण्यांच्या बुटांतला खडा काढला. प्रत्येक वर्षी कान टवकारून बसायचो, कॅप्टन कधी 'बदली!' म्हणून ओरडतील आणि मी धावत जाईन. कधी ओरडले नाहीत. एकदा मेहुण्यांना ताप होता, तरीही खेळले.
यंदा नाही. यंदा मी रेषेवर उभा असणार. म्हणजे स्टुलावर.
व्यायाम चाचणी झाल्यावर. आता अंग दुखवून घेणं बरं नव्हे.

६ एप्रिल, संध्याकाळी
निवड झाली!!!
अक्षर बघा, आनंदाने उड्या मारतंय. सगळे 'झेप' घेऊन आले होते. शिंपीकाकांचे बाण सगळे झाडात. बाकीच्यांचे कुठे गेले ते शोधायला माळी अजून फिरतोय. माझे दोन टार्गेटला लागले. दोन! मेहुण्यांनी यादी वाचली आणि माझं नाव तिसऱ्या जागी आलं. मी स्टुलावरूनच त्यांना मिठी मारली. ते जरा अवघडले, कारण त्यांचं डोकं माझ्या पोटाशी आलं.
राखीव म्हणून कुणीच उरलं नव्हतं. बायको माझा डबा घेऊन आली होती, सोबत ते लाकडी धनुष्य. बेकरीवाल्याने गंमत म्हणून तिला मारायला सांगितलं. ठप, ठप, ठप. तोच कंटाळवाणा आवाज. मेहुणे म्हणाले, चला, राखीव मिळाली.
घरी येताना तिला राखीवपणाच्या खाचाखोचा सांगितल्या. बाटल्या सावलीत ठेवायच्या, टोप्या मोजून घ्यायच्या. आशा ठेवायची नाही. तिने माझा हात धरला. म्हणाली, तुम्हाला मिळालं याचा मला खरंच आनंद झालाय. मलाही झालाय. इतका की जेवण गेलं नाही.

१७ मे
उद्या सामना. स्टुलाला नवा रंग दिला. निळा. वाळला नाही अजून.
आज गिऱ्हाइकांचे डोळे तपासताना फळ्यावरच्या अक्षरांऐवजी माझा 'झेप' धरलेला फोटो दाखवला. सगळ्यांना स्पष्ट दिसला. एका मुलीने विचारलं, काका, हा पक्षी झोपलाय का? मुलांना बाणाची नजर कळायला वेळ लागतो.

१८ मे
थोडक्यात लिहितो.
सामन्याआधी पंच सगळ्यांची साधनं तपासतात. या वर्षी पंच म्हणून एक वयस्क बाई होत्या, गळ्यात शिट्टी. त्यांनी माझं 'झेप' हातात घेतलं. पक्ष्याकडे बघितलं. मग धनुष्य फिरवलं, खालचं टोक वर केलं, वरचं खाली, आणि माझ्या हातात परत दिलं. पुढे गेल्या, मेहुण्यांचं फिरवलं. मग बेकरीवाल्याचं. पक्षी तिन्हींवर एकदम उडायला लागला.
लांब पातं वर. जमिनीला काही टेकत नव्हतं.
मग त्यांनी विचारलं, ही स्टुलं कुणाची? मी म्हटलं, प्रेक्षकांची.
मेहुणे माझ्याकडे दात उपटायच्या आधी बघतात तसे बघत होते. बेकरीवाला बघत नव्हता. त्याचे खांदे हलत होते. नदीपलीकडच्यांपैकी एकजण गवतावर बसून पोट धरून हसत होता. मी त्याला ओळखत नाही, ओळख करून घ्यायची इच्छाही नाही.
पहिली फेरी. धनुष्य पिसासारखं हलकं वाटलं, खरंच वाटलं. पण अंगाला सवय स्टुलाची. इतके महिने उंचावरून नेम धरायची सवय, आता जमिनीवरून धरला तर बाण टार्गेटच्या अलीकडेच गवतात. माझे तिन्ही. मेहुण्यांनी गवतातले बाण बघितले, मग बाकाकडे बघितलं.
आणि मग ओरडले, बदली!
सात वर्षं ज्याची वाट बघितली तो शब्द. सवयीने मी धावतच निघालो. दोन पावलं गेल्यावर लक्षात आलं की मी आधीच रेषेवर आहे.
बायको आली. माझ्या हातात पाण्याच्या बाटल्या दिल्या. लाकडी धनुष्य उचललं, एकदा अंगणात श्वास घेते तसा श्वास घेतला.
ठप. ठप. ठप.
पिवळा, पिवळा, पिवळा. पुढच्या फेरीतही. मैदानावर त्याशिवाय दुसरा आवाज नव्हता. इतका सुंदर आवाज आमच्या घरामागे रोज येत होता आणि मी खिडकी लावून घ्यायचो. मोठ्याने ओरडलो, वा! सगळ्यांनी वळून बघितलं. मग बाटल्या सांभाळत बसलो. डोळ्यांत पाणी आलं. ऊन फार होतं.
सामना थोडक्यात हरलो. आमचे जे गुण झाले ते जवळजवळ सगळे तिचे.

२० मे
शांतपणे विचार करता, धनुष्याबाबत मी पहिल्या दिवसापासून बरोबर होतो. चूक झाली ती फक्त टोकाची. त्यातही दोनच टोकं होती, म्हणजे मी अर्धा बरोबर. हे मेहुण्यांना फोन करून सांगितलं. त्यांच्या खुर्चीत पेशंट होता, त्यामुळे ते जास्त बोलले नाहीत.

१ जून
क्लब पुन्हा पेटलाय. लांब पातं वर धरून मेहुण्यांचे सगळे बाण पिवळ्यात. बेकरीवाला आनंदाने नाचतो, शिंपीकाका तर माळ्यालाही 'झेप' घ्यायला सांगतायत. काय डिझाइन, काय डिझाइन, असं एकमेकांना सांगत असतात. आधी कोण म्हणालं होतं ते कुणाला आठवत नाही. मी आठवण करून दिली. तेव्हा आठवलं, आणि परत हसले.
मला मात्र जमिनीवर उभं राहून जमत नाही. पाय आपोआप वर चढायला काही तरी शोधतात.

९ जून
पुढच्या सामन्याची टीम जाहीर. मेहुणे, बेकरीवाला, बायको. चौथं नाव माझं. त्यापुढे कंसात तो शब्द.
संध्याकाळी बायकोकडे जुनं लाकडी धनुष्य मागितलं. म्हटलं, 'झेप' तू घे, ते तुला शोभेल. तिने दोन्ही बघितली. मग म्हणाली, लाकडी मला हाताला बसलंय हो, तुम्ही आधी 'झेप' नीट शिका, रोज अंगणात या, मी उभी राहते बाजूला. गादीला नवीन खोळ शिवलीय तिने.
रोज पहाटे यायचं ठरलं. म्हणजे व्यायामही होईल.

१० जून
पहाटे जाग आली नाही. ठप ठप ऐकून उठलो. छान वाटलं.
मेहुण्यांचा निरोप आला. क्लबातला बाक मोडलाय, राखीव खेळाडूने बसायला घरून काही तरी आणावं.
स्टूल पुसून ठेवलं.