आघाड्याची चहाडी

अहो,

ऐकताय ना? उभ्या जन्मात तुमचं नाव घेतलं नाही, आता कागदावर कशाला घेऊ! पत्र लिहायचं कारण एवढंच, की आपल्या घरात आघाड्याने पुन्हा एकदा चहाडी केलीय. आणि ती तुमच्याशिवाय कुणाला सांगू?

आठवतं का, मला बघायला आला होतात ते? पुरुषोत्तमनगरला, बाबांच्या कारखान्याच्या क्वार्टरवर. जीप दारात उभी राहिली, तुम्ही पांढरी पँट घालून ऐटीत उतरलात. आईने विचारलं, "रस्ता चांगला व्हता ना?" तुम्ही म्हणालात, "हां, समदा डांबरी शे." मी चहाचा ट्रे घेऊन वाकले, तर पँटीला गुडघ्यापर्यंत आघाड्याच्या बिया चिकटलेल्या! डांबरावर आघाडा कधीपासून उगवायला लागला हो? तो तर आमच्या परसामागे, उसाच्या बांधाला माजलेला. ट्रे हातातून पडायचाच बाकी होता.

लग्नानंतर किती खोदून विचारलं! तुमचं एकच उत्तर, "लघवीले गयथू, दुसरं काय!" मग त्या सकाळी परसात मी शेळीला शिव्या देत होते, हे तुम्हाला कसं ठाऊक? तिथे मात्र तुम्ही पेपरात तोंड खुपसायचात. शेवटपर्यंत कबूल केलं नाहीत. याचा मला अजून राग आहे, सांगून ठेवते.

इथे आपल्या कोरीटला घरामागच्या पायवाटेवरही आघाडा. दरवर्षी तुम्ही विळा घेऊन निघायचात आणि मी आडवी यायचे. ऋषिपंचमीला दात घासायला काड्या लागतात, हे कारण होतंच. पण मी म्हणायचे, "पुरावा मिटाडी ऱ्हायनात का?" की तुम्ही विळा ठेवून हसायचात. ते हसू फार आठवतं हो.

तर गेल्या आठवड्यात आपल्या पल्लवीच्या ओढणीला तश्शाच बिया. "कोठे गयथी व?" तर म्हणे, "मैत्रीणना घर." मैत्रीण राहते समोर, डांबरी रस्त्याला! पोरगी बापावर गेली म्हणायची. ओटीवर बसून एकेक बी वेचली आणि वेचता वेचता सगळं काढून घेतलं. मुलगा आपल्यातलाच, नंदुरबारला ठिबकच्या नळ्यांचं छोटं दुकान आहे.

पण इकडे तुमच्या मोठ्या भावाने सुरतेचं स्थळ आणलेलं. स्वतःचा फ्लॅट, मोठी नोकरी, रविवारी बघायला येणार. माझी झोपच उडाली. तुम्ही असता तर भावाशी तुम्ही बोलला असता. मला एकटीला टाकून गेलात, हे काही बरं केलं नाही!

म्हटलं, आधी पोरगा तर बघू. आज त्याला चहाला बोलावलं. आला समोरच्या दाराने, मोटरसायकलवर, केस चापून. बसला, आणि माझं लक्ष पायांकडे. पँटीला आघाडा! मी आईचाच प्रश्न टाकला, "रस्ता चांगला व्हता ना?"

कान लाल झाले बिचाऱ्याचे. पण म्हणाला, "काकू, खरं सांगस. पहिले मांगनी पायवाटथीन उनू. तिले इचारनं व्हतं, तुम्ही रागमा शेतस का."

ऐका! तुमच्याने जन्मभर झालं नाही, ते या पोराने चहा गार व्हायच्या आत केलं. मी पदर तोंडाला लावून इतकी हसले, की पल्लवी आतून धावत आली. आणि मग रडू आलं. तुम्हीही असेच घाबरत घाबरत मागून आला असाल, नाही का?

तो गेल्यावर मी लगेच तुमच्या मोठ्या भावांकडे गेले. ते म्हणाले, "लोके काय म्हनतीन?" मी म्हटलं, "भाऊ, पहिले पोरनी पसंत, मंग लोकेस्नी." मग त्यांनीच सुरतेला फोन लावून 'येऊ नका' म्हणून सांगितलं. रविवारी आता दुकानवालेच येतील, आईवडिलांना घेऊन, समोरच्या रस्त्याने.

लग्नाआधी परस साफ करायचं सगळे म्हणतात. करूया. पण तेवढ्या पायवाटेला कुणाला विळा लावू देणार नाही, हा माझा शब्द. तुम्ही एक करा. कधी आलातच, तर मागूनच या. या वेळी काही विचारणार नाही, पँट झटकून देईन.

तुमची, अजून थोडी रागावलेली,
सुमन