कचरागाडीमागे धावून घातलेली मागणी

ती. ताईस,

धाकट्या भावाचा दोन्ही गुडघे टेकून नमस्कार. (माझे गुडघे ठणठणीत आहेत, तुझे कसे आहेत? ते वासाचं मलम लावतेस की नुसताच कपाटात ठेवतेस?) आधी बातमी सांगतो, म्हणजे चष्मा शोधत बसणार नाहीस. होकार मिळाला. तुझ्या बोवेईला वेंगबाईंनी मुलगी दिली, आणि ती माझ्या पायांमुळे दिली.

आता सविस्तर. वेंगबाईंनी फोनवर तुला काय ऐकवलं होतं ते मी विसरलो नव्हतो. "तैपेईची माणसं शेजारी मेला तरी दार उघडत नाहीत, तिकडे माझी श्वानरू मी देणार नाही." तुझ्याने प्रवास होत नाही, भावजी नाहीत, तेव्हा मागणी घालायला मामाच हवा. आभाळात देव आणि जमिनीवर मामा, असं आपण म्हणतोच. तू हातात दिलास तो बोवेईच्या जन्माच्या वर्षी घातलेला खारवलेला मुळा, अठ्ठावीस वर्षांचा, कोळशासारखा काळा. तो वेंगबाईंच्या हातात पडला की अर्धं काम झालं, असं तू म्हणालीस.

ताइनानला वेंगबाईंकडे जेवण सहाला होतं. बोवेई परस्पर काओशिउंगहून येणार होता. मी साडेतीनलाच पोचलो, उतरलो त्या खोलीवर बसून काय करू? नवं गाव मी पळूनच बघतो, हे तुला ठाऊक आहे (आणि पटत नाही, हेही ठाऊक आहे). बसमधून पाहिलेलं गाव डोळ्यांत राहतं, पळून पाहिलेलं पोटऱ्यांत. म्हणून ठरवलं, पळतच जायचं. चांगला शर्ट पाठीवरच्या पिशवीत, मुळा हातात. पण ताइनानात कोणी पायी जातच नाही गं! कोपऱ्यावरच्या देवळातसुद्धा स्कूटरवरून जातात. तीन जणांनी थांबून विचारलं, "काका, गाडी बंद पडली का?" एका बाईने तर, "पोलीस मागे लागलेत का?" म्हणून मला स्वतःच्या घरात लपायला बोलावलं. भली माणसं. त्यांच्या गल्ल्या मात्र शेवयांसारख्या. एकाच देवळासमोर मी चार वेळा आलो, आणि चौथ्यांदा पुजाऱ्याने मला चहा दिला.

वेंगबाईंच्या अलीकडच्या गल्लीत शिरलो तोच कचरागाडीचं गाणं वाजलं. सगळी गल्ली पिशव्या घेऊन बाहेर. एक म्हातारी काठी टेकत निघाली आणि तिच्या डोळ्यांदेखत गाडी हलली. आता परवाशिवाय येणार नाही! म्हातारी गाडीला शिव्या देऊ लागली (त्या लिहीत नाही). मला राहवलं नाही. "आजी, आणा इकडे," म्हणालो, तिच्या दोन पिशव्या घेतल्या आणि सुटलो. पहिल्या थांब्यावर गाडी दहा हातांवरून हुकली. दुसऱ्यावर एका कुत्र्याने शर्यत लावली. तिसऱ्या थांब्याला गाठली, दोन पिशव्या आत भिरकावल्या आणि बासष्टाव्या वर्षी, ताई, रांगेतल्या चाळीस माणसांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

त्या रांगेत वेंगबाई होत्या (फोटोवरून ओळखल्या). "कुठल्या गल्लीतले तुम्ही?" म्हणाल्या. "तैपेईचा," म्हणालो. त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं. "परक्या म्हातारीच्या कचऱ्यासाठी धावणारा तैपेईचा?" मी हातातली पिशवी दोन्ही हातांनी पुढे केली आणि पळायच्या चड्डीतच मागणी घातली. जेवणात विषय निघालाच नाही, थेट मुहूर्तच बघितला. बोवेई मात्र माझ्या चड्डीकडे पाहत नव्हता.

तुझा,
चीयुआन

ता.क. बरणी जड होते म्हणून मुळा मी बरणीतून काढून साध्या पिशवीत बांधला होता. आपल्याकडे तैपेईत कचऱ्याला सरकारी, विकतची पिशवी लागते, त्यामुळे साधी पिशवी म्हणजे कचरा नाही, हे हाडीमाशी भिनलेलं. इथे कचराही साध्याच पिशवीत बांधतात.

ता.क. २. वेंगबाईंनी भेट न उघडता पूर्वजांच्या देव्हाऱ्यासमोर ठेवली. उदबत्ती लावायला वाकलो तेव्हा पाहिलं, गाठीला लाल सुतळी होती. मी सुतळी बांधली नव्हती. आत म्हातारीचं काय आहे ते देव जाणे, हलवलं तर चपलेसारखं वाजतं. पौर्णिमेला सगळ्यांसमोर उघडणार आहेत.

ता.क. ३. त्याच वर्षीची दुसरी बरणी तू पलंगाखाली ठेवली आहेस. माझ्या आजारपणात मला पेज करून घालायला, हे मला आठ वर्षांपासून माहीत आहे. कधी बोललो नाही. ती पाठव, ताई, पौर्णिमेच्या आत. मला काही होत नाही. मी पळतो.