हवेतले धागे

११ ऑगस्ट
अण्णा दुपारभर खाटेवर बसून हवेत गाठी मारत होते. चिमटीत धागा धरायचा, ओढायचा, पीळ द्यायचा. धागा नाहीच. लूम्सच्या खात्यातलं विणकामाचं काम सोडून वर्ष झालं. आई म्हणते, हाताची सवय, जाईल. मला बघवेना. मेडिकलचं जर्नल तसंच पडलंय.

१४ ऑगस्ट
आज अण्णा खाटेवर पाय आखडून बसले. का, तर "मंदा बठेल शे आठे."
मंदाताई, माझी मोठी बहीण, तीन वर्षांपूर्वी काविळीनं गेली.
रिकाम्या जागेकडं बघून हसत होते. डोळ्यांतल्या बाहुल्या केवढ्या मोठ्या! डोळा नुसता काळा. आईनं चहाचा चौथा कप भरला. मी ओरडलो, काय चाललंय घरात?

१८ ऑगस्ट
फार्माकॉलॉजी. ॲट्रोपिन आणि तसली औषधं. तोंड कोरडं, बाहुल्या मोठ्या, भास. "पेशंट हवेतून काहीतरी वेचत बसतो," सर म्हणाले आणि करून दाखवलं. वर्ग हसला. माझं पेन थांबलं. चिमूट अगदी अण्णांची.
डिंडोलीला घरी येऊन पाकिटं काढली. हात थरथरतो त्याची गोळी नवागामच्या डॉक्टरांची. लघवी सारखी लागते त्याची दुसऱ्या डॉक्टरांची. अंगाला खाज सुटते त्याची मीच आणलेली, घरचा डॉक्टर म्हणून मिरवत. तिन्हींचा गुण ॲट्रोपिनचाच, एकीवर एक चढलेला. गाढव आहे मी.

१९ ऑगस्ट
तिन्ही पाकिटं घेऊन नवागामला. खाजेची बंद, लघवीची बंद, थरथरीची निम्मी. डॉक्टर माझ्याकडं बघून एवढंच, "कया वर्षमां भणे छे?" कितव्या वर्षाला आहेस!
आईला सगळं समजावलं. ती उठून खाटेजवळ गेली. मग घाईघाईनं अण्णांना, "विचारा ना तिले, अजून दुखस का पोट?"
अण्णा मान कलती करून ऐकत राहिले. "नही म्हनस."
आई पदरात तोंड घालून रडली. मी अडवलं नाही. खरं सांगायचं तर मीही कान दिला होता.

२३ ऑगस्ट
अण्णांचे हात थांबले. दोन भाकरी खाल्ल्या, पेपर वाचला. मंदाताईचं विचारलं, तर माझ्याकडंच विचित्र बघितलं. "ती तं मरी गई ना रे." आई दारातच होती.
बरं वाटायला पाहिजे. नाही वाटत.

२५ ऑगस्ट
दुपारी अभ्यासाला बसलो तर आई शेजारी येऊन बसली. वाचता येत नाही, तरी पानावरून हात फिरवला.
"गोळ्या व्हत्यात म्हनीसनच मंदा येत व्हती ना?"
आई, तसं नसतं ते...
"गोळी मी लिधी तं माले बी दिखी का ती?"
परवाच पाठ केलंय, किती डोसला तोंड कोरडं पडतं, किती डोसला भास. त्याच पानावर तिचा हात. नाही म्हणायचं होतं. "बघू," म्हणालो. हे काय बोललो मी!
तिनं मान हलवली आणि कुकर लावायला गेली. बंद केलेली दोन्ही पाकिटं अजून माझ्या दप्तरातच आहेत.