ग्रॅफाइटचा पापुद्रा आणि वाळ्याच्या ताट्या

९ एप्रिल १९८४, सोमवार
जमलं. ग्रॅफाइटच्या खड्याला चिकटपट्टी लावायची, ओढायची, निघालेल्या पापुद्र्याला पुन्हा पट्टी, पुन्हा ओढ. शेवटी एवढा पातळ झाला की पट्टीवर आहे की नाही हे खिडकीत धरून बघावं लागलं. स्फटिकावर बसवला. कडा उचलली नाही. वर टायफाइडचे मेलेले जंतू. तीनदा धुतलं तरी हलले नाहीत! साध्या स्फटिकावरून पहिल्याच पाण्यात निघून जायचे.
देशकर सरांनी चष्मा कपाळावर चढवून बघितलं. "आता याले सोनं कायले पाहिजे?" गेलं वर्षभर हेच गाइड मला म्हणत होते, पोरी, स्फटिकावर सोन्याचाच थर दे. मी मनात पेढे वाटले.

१५ एप्रिल, रवि.
सावनेरला. आईला समजावलं. काचेसारखा तुकडा असतो, विजेवर थरथरतो. अंगावर काही बसलं की थरथर मंदावते. टायफाइड झालेल्याच्या रक्तात जे असतं ते येऊन वरच्या जंतूंना पकडतं, वजन वाढतं, आकडा उतरतो.
"म्हंजे तराजू."
हो, तराजूच.
"येवढं शिकून तराजू केला का वं तू?"
बाबा इतके हसले की सुपारी घशात. येताना पिशवीत कैऱ्या आणि दोन शेजाऱ्यांचा निरोप: तराजूवालीला आमचा ताप दाखवायचा आहे.

२४ एप्रिल, मंगळ.
माझ्या खोलीत कूलर आला! अख्ख्या डिपार्टमेंटमध्ये हाच एक. सरांनी यंत्राच्या नावावर मिळवला. नव्या ताट्या, पाणी पडलं की वाळ्याचा असा वास की काम सुचू नये. भगत शिपाई अकराला टाकी भरतो, मग सुरू.
अकरा वाजले की सगळ्यांना माझ्या संशोधनात रस. एकाला टाचणी पाहिजे, एकाला शंका विचारायची आहे. कुंभारे सर तर पेपरचा गठ्ठा घेऊनच येऊन बसले. यांना ही खोली स्टोअरसाठी हवी आहे. देशकर सर ३१ मेला रिटायर, त्यानंतर हेड कुं.च. बसा म्हटलं, हवा खा. खोली मिळणार नाही.

३ मे, गुरु.
काय आकडे येताहेत! सुलभा (मेडिकलला पॅथॉलॉजीत आहे, होस्टेलपासूनची मैत्रीण) नमुने आणून देते, निम्मे निरोगी, निम्मे टायफाइडचे. निरोग्यांना आकडा जागचा हलत नाही. आजाऱ्यांना धाडकन खाली. एक चूक नाही. एकही.
कमिटी २५ तारखेला. दिल्लीहून एक साहेब, दोन इथले. प्रोजेक्ट चालू ठेवायचा की गुंडाळायचा ते त्यांच्या हातात. गुंडाळला की खोली कुं.ची. सरांना सांगितलं, निश्चिंत राहा, मी आहे. पोरीचं लग्न ठरल्यासारखे खुशीत घरी गेले.

११ मे, शुक्र.
आज काहीतरी झालं.
दुपारी लाइन गेली. पंखा, कूलर सगळं बंद. माझं यंत्र बॅटरीवर, ते चालू. टायफाइडचा नमुना लावलेला, आकडा खाली बसलेला. कूलर बंद झाल्यावर तो हळूहळू वर यायला लागला. लाइन आली, कूलर सुरू, आकडा पुन्हा खाली.
मला वाटलं बॅटरी. बॅटरी बदलली. तेच.
घरी जेवले नाही.

१२ मे, शनि.
सुलभाला बोलावलं. तिचंच रक्त घेतलं, कूलर पुढ्यात ठेवून लावलं. आकडा सांगतो, हिला जोरदार टायफाइड. ती समोर तर्री-पोहे खात होती, दुसरी प्लेट.
"काहून वं, मले झाला आन मलेच माहीत नाही?"
आता सगळं कळलं. ओल. कूलरची ओल त्या थरात शिरते, वजन वाढतं. आणि मी निरोगी नमुने रोज सकाळी आधी लावत होते, आजारी दुपारी. आईने लावलेली सवय: आधी दुधाची भांडी घासायची, तेलकट शेवटी. एकाचं दुसऱ्याला लागू नये म्हणून. म्हणजे निरोगी सगळे कूलरच्या आधीचे, आजारी सगळे कूलरच्या नंतरचे. इतके दिवस मी टायफाइड मोजत नव्हते, भगतने भरलेलं पाणी मोजत होते.
खूप रडले. मग स्वतःचाच राग आला. मग भूक लागली, सुलभाचे उरलेले पोहे खाल्ले.

१४ मे, सोम.
सरांना सांगितलं. मला वाटलं चिडतील. त्यांनी वही ओढून आकडे बघितले. मग, "कूलर बंद करून कर. सगळं पहिल्यापासून."
दिवस कमी आहेत म्हटलं.
"मंग इथं काय करून राहिली? जा."

१८ मे, शुक्र.
कूलर बंदचा पाचवा दिवस. दारं-खिडक्या लावून. घाम आकड्यांच्या वहीवर पडतो. वहीत सगळं पेन्सिलीने, म्हणून पसरत तरी नाही. ओला टॉवेल डोक्यावर घ्यायचा नाही, त्याचीही ओल. नमुने चिठ्ठ्या टाकून, कधी आजारी आधी, कधी निरोगी.
डिपार्टमेंट माझ्या विरोधात. भगतपण नाराज. कुं. दारात उभे: "मॅडम, माणसं भाजून राहिली अन् तुमचा कूलर शो करून ठेवला!" म्हटलं, सर, तुमच्या स्टोअरमध्ये तरी कुठे कूलर लागणार होता? गेले.
आणि फरक आहे! धाडकन वगैरे काही नाही. लहान. पण रोज, दर वेळी, त्याच बाजूला. खाली ग्रॅफाइट नसलेल्या स्फटिकावर काहीच नाही. हा माझा आकडा, पाण्याचा नाही. इतका आनंद पहिल्या मोठ्या आकड्यांनी झाला नव्हता.

२५ मे, शुक्र.
कमिटी. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. दिल्लीचे साहेब कोट-टायमध्ये आले आणि नेमके कूलरसमोरच्या खुर्चीवर बसले. कुं. लगेच, "पाहुण्यांसाठी तरी लावा ना."
नाही म्हटलं. आणि काहून नाही ते सगळं सांगून टाकलं. आधी पाठवलेल्या एप्रिल-मेच्या अहवालातले आकडे कूलरचे आहेत, ते धरू नका, दुधाची भांडी, सगळं. कुं.च्या चेहऱ्यावर दिवाळी. साहेबांनी आधी टाय काढला, मग कोट. सर कोपऱ्यात, शर्ट अंगाला चिकटलेला. त्यांना पंख्याखाली बसा म्हटलं तर मला डोळ्यांनीच गप्प केलं.
सुलभाने पाच नमुने आणलेले, नवे, कोण आजारी ते तिलाही माहीत नाही. पाचही जणांचं रक्त तिकडे बाटल्यांत वाढवायला ठेवलंय, जंतू असले की बाटली गढूळ होते.
लावले. दोन तास कोणी उठलं नाही. शेवटी साहेबांनी विचारलं, कोणते?
"दुसरा आणि पाचवा."
"पक्कं?"
"पक्कं."
म्हणाले, बाटल्या काय म्हणतात ते सोमवारी मला फोनवर सांगा, मग ठरवू.
ते गेल्याबरोबर भगतने कूलर लावला. मी अडवलं नाही. सर म्हणाले, "रिटायर झालो तरी मी सोमवारी फोनजवळ असतो." सर, रिटायर गुरुवारी होणार. गोंधळले होते बिचारे.

२७ मे, रवि.
आत्ता सुलभा आली. मोपेड बंद न करता खालूनच हाक. सज्जात गेले.
"बाटल्यांत दिसून राहिलं काहीतरी."
कोणत्या?
"तू सांग आधी."
शुक्रवारीच सांगितलं की. दुसरा आणि पाचवा.
ती हसली नाही. मानही हलवली नाही. "चल, स्वतःच्या डोळ्यानं पाय." बस, एवढंच. हिचा चेहरा मला बारा वर्षांत वाचता आला नाही, आज काय येणार.
खाली हॉर्न वाजवते आहे. दुसरा आणि पाचवा. हे पेनाने लिहून निघते.